माशाच्या पोटातले अण्णा

माझे थोरले दीर माशाच्या पोटात आहेत, असं आमच्या घरात कित्येक वर्षं धरून चालत. चेष्टा करत नाही. घरी पाहुणे आले आणि मुलाबाळांची चौकशी निघाली की सासूबाई अगदी सहज सांगायच्या, "थोरला देवमाशाच्या पोटात आहे, धाकटा दुकानात असतो." पाहुण्यांपैकी कोणी हसलं तर त्याला पुन्हा चहा विचारला जात नसे. सुरुवातीला मीही हसले होते, पदर तोंडाशी धरून. पुढे ते हसू कसं गेलं, ते आता या वयात लिहून ठेवावंसं वाटतं.

आमचं घर हुबळीच्या पेठेला लागून होतं. आजेसासरे मिरजेकडून धान्याचा व्यापार करत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही. बायकासुद्धा इथे 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. मी सांगलीकडची, मला ते आधी ऐकायला गंमत वाटायची. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, सासूबाईंना अव्वा, थोरल्या दिरांना अण्णा आणि जाऊबाईंना अक्का. मी धाकटी सून, म्हणून नुसतीच धाकटी. मी त्या घरात आले ती मिठाच्या सत्याग्रहाच्या एक-दोन वर्षं आधी. तेव्हा मी जिभेची तिखट होते. आता नुसती म्हातारी आहे.

अण्णांना मी जेमतेम वर्षभर पाहिलं. उंचपुरे, मोठ्याने बोलणारे, जेवताना दुसऱ्याच्या पानातली चटणी उचलणारे. एक खोड मात्र होती. बंद जागा त्यांना सोसत नसे. थंडीतसुद्धा खिडक्या सताड उघड्या लागत. न्हाणीघराचं दार नुसतं लोटून घ्यायचे, कडी लावायचे नाहीत, आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून घसा ताणून पदं म्हणायचे. दुकानामागच्या कोठीत पोती बघायला त्यांनी कधी पाय ठेवला नाही. दारात उभं राहून हमालांना विचारायचे. "वाघापुढे उभे राहतील, पण कोठीत जा म्हटलं की पाय लटपटतात," असं अक्का त्यांच्यादेखत मला सांगायच्या आणि अण्णा खो खो हसायचे. दोघांचं चांगलं जमायचं. मूलबाळ अजून नव्हतं, पण त्यावरूनही दोघांनी कधी तोंड वाईट केलं नाही.

दिवाळी झाली की अण्णा नारळ-सुपारीच्या खरेदीला घाट उतरून कुमठ्याला जात. त्या वर्षी परतताना कारवारपर्यंत नारळाच्या गलबतातून येतो, म्हणून सांगून गेले. रस्त्याने धूळ खात येण्यापेक्षा उघड्यावर वारा खात यावं, हा त्यांचा विचार. ते आले नाहीत. आला तो त्या गलबतावरचा एक खलाशी.

दुपारची वेळ होती. तो ओट्यावर बसला, आत यायला तयार होईना. मी आणि अक्का माजघराच्या दाराआड उभ्या. त्याची भाषा कोकणी, आम्हांला अर्धी कळत होती, पण तो हातांनीही सांगत होता. वारा पडला होता, समुद्र तेलासारखा सपाट होता. गलबताखालचं पाणी एकदम काळं झालं आणि वर आलं. गलबत कलंडलं, सगळे पाण्यात, सगळीकडे नारळच नारळ. खलाशी उलटलेल्या गलबतावर चढले. अण्णा थोडे लांब एका फळीला धरून तरंगत होते, आणि 'आलो, आलो' म्हणून हात वर करत होते. मग पाणीच आत ओढल्यासारखं झालं. मोठं तोंड उघडलं. पाण्याबरोबर नारळ आत गेले, फळी आत गेली, अण्णा गेले. तोंड मिटलं. नंतर समुद्र पुन्हा तसाच सपाट, उरलेले नारळ हलताहेत, आवाज कसलाही नाही. खलाशाने आपला हात वर धरला आणि तसाच ठेवला. तो हात खाली आणायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.

अव्वांनी एकच प्रश्न विचारला. "चावला का?"

"ना, आई. चाबूंक ना. अख्खो गिळलो."

अव्वांनी मान हलवली, त्याला पोटभर जेवू घातलं आणि एक कोरं धोतर देऊन वाटेला लावलं. बातमी तोवर गल्लीत पसरली होती. दोन वयस्कर बायका, अशा वेळी पुढे होऊन जे करायचं ते करणाऱ्या, माजघरात आल्या आणि अक्कांचे हात त्यांनी हातांत घेतले. अव्वा मधे येऊन उभ्या राहिल्या. "तिच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. माझा मुलगा मेला म्हणून कोण म्हणालं? गिळला म्हणाला की तो. मेला नाही म्हणाला."

त्या बायका गोंधळल्या. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच गोंधळलो. आमच्यात तेव्हा नवरा गेलेल्या बाईचे केस काढायची चाल होती. त्यामुळे अव्वांनी सुनेची बाजू घेतली असंच मला वाटलं, आणि मनातून मी त्यांना दंडवत घातला. मी तेव्हा लहान होते, आणि हुशार समजत होते स्वतःला.

भटजी आले. त्यांनी पंचांग काढलं, मिटलं आणि सांगितलं, की देह नाही, आणि खलाशाने गिळताना पाहिलं आहे, मरताना पाहिलेलं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. नाहीच आला, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग पुढचं सगळं. जाता जाता, समाधान म्हणून, पुराणात माशाने गिळलेलं मूल धडधाकट बाहेर आल्याची गोष्टही सांगून गेले. बारा वर्षांचं अव्वांच्या कानांत शिरलंच नाही. ती गोष्ट तेवढी त्यांनी धरून ठेवली.

अप्पा तसे कमी बोलणारे. ते आमच्या ह्यांना घेऊन हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या डॉक्टरांकडे गेले. ह्यांनी नंतर मला सगळं सांगितलं. डॉक्टर मुंबईला शिकलेले. ते म्हणाले, देवमासा हा मुळात मासाच नव्हे; तो आपल्यासारखा श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. त्यातले बहुतेक तोंडाने केवढेही अवाढव्य असोत, घसा इतका अरुंद की नारळसुद्धा अडकावा. एक जात आहे खोल समुद्रातली, तिच्या घशातून माणूस जाऊ शकेल. पण गेला तरी आत हवा नाही. अंगाची आग व्हावी असा उकाडा, चहूकडून आवळणारं मांस, आणि अन्न जिरवणारा रस. "जिथे दिवा जळत नाही तिथे माणूस जगत नाही, एवढं लक्षात ठेवा," असं ते म्हणाले. अप्पांनी घरी येऊन हे शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं. अव्वा कणीक मळत होत्या. "डॉक्टर आत जाऊन आला काय?" त्यांनी विचारलं.

दुकानात गूळ न्यायला मिशनच्या शाळेतले एक म्हातारे मास्तर येत. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते बिचारे कळवळून म्हणाले, की आमच्या धर्मातही एका माणसाला मोठ्या माशाने गिळलं होतं आणि तीन दिवसांनी काठावर आणून सोडलं. अव्वांनी त्या दिवसापासून त्यांच्याकडून गुळाचे पैसे घेऊ दिले नाहीत. "तीन दिवस राहता येतं तर तीन वर्षं का राहता येणार नाही? पहिला दिवस काय तो अवघड," असं त्या आम्हांला समजावून सांगायच्या. त्यांच्या बोलण्यात वेडेपणा शोधूनही सापडत नसे. हिशेब चोख, स्वयंपाक चोख, देणंघेणं चोख. आणि मुलगा माशाच्या पोटात.

रोज दोन्ही वेळा अण्णांचं पान मांडलं जाऊ लागलं. त्या पानावरची आमटी अळणी असायची, कारण तो दिवसभर खाऱ्यातच आहे. उकाडा वाढला की अव्वा त्या रिकाम्या पाटाला वारा घालायला अक्कांना बसवायच्या. सोमवारी टांग्यातून आम्ही तिघी उणकलच्या तळ्यावर जायचो. अव्वा घरून कणकेच्या गोळ्या करून आणायच्या आणि अक्कांच्या हातून त्या पाण्यात टाकायला लावायच्या. मी एकदा म्हटलं, "अव्वा, समुद्र इथून किती लांब, हे मासे वेगळे." त्या म्हणाल्या, "वरून वेगळं दिसतं ग. खालून सगळं पाणी एकच असतं." काठाशी गोळ्या पडल्या की मासे वर यायचे. पाण्यावर नुसती गोल तोंडं उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची. अक्का नथ घालून, शेवंतीची वेणी माळून तिथे उभ्या असायच्या. एकदा त्यांना तिथेच ओकारी झाली. अव्वांनी त्यांचं तोंड धुतलं, कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि उरलेल्या गोळ्या त्यांच्या हातात दिल्या.

न्हाणीघरात पाण्याचा एक मोठा तांब्याचा हंडा होता. दुपारी पुरुष दुकानात गेले आणि घर शांत झालं की अव्वा त्या हंड्याला कान लावून बसायच्या. डोळे मिटलेले, चेहरा निवांत. "श्वास घेतोय," म्हणायच्या. "आज जरा भरभर घेतोय." एका दुपारी त्या पडल्या होत्या तेव्हा मी जाऊन कान लावला. म्हटलं, बघू तरी. तांबं गार होतं. आधी काही नाही, मग ऐकू आलं. मोठं, मऊ, आत घेतल्यासारखं, आणि बऱ्याच वेळाने सोडल्यासारखं. आपलंच रक्त कानांत वाजतं, हे मला पुढे माझ्या मुलाने समजावून सांगितलं, तो शिकलेला आहे. असेल. पण माझं काळीज त्या वेळी धडधडत होतं आणि आतलं ते फार सावकाश चाललं होतं. मी पुन्हा त्या हंड्याला कान लावला नाही. आंघोळीचं पाणी घेतानाही तांब्या आपटून आवाज करायची.

अक्कांना रडायची बंदी होती. डोळ्यांतलं खारं पाणी त्याला बाधेल, असं अव्वा म्हणत. रोज सकाळी त्या स्वतः अक्कांना समोर बसवून, मेण लावून, रुपयाएवढं कुंकू रेखायच्या. बांगडी पिचली तर कासार येईपर्यंत स्वतःची काढून घालायच्या. अक्कांच्या वडिलांनी न्यायला माणूस पाठवला तेव्हा अव्वांनी त्याला हात जोडून परत पाठवलं. "तिला नेऊ नका. तिच्या कपाळावर आहे म्हणून तो आहे." मला तेव्हा उमगलं, की त्यांनी सुनेला वाचवलं नव्हतं. सुनेचं कुंकू त्यांनी मुलाच्या नाकाशी धरून ठेवलं होतं.

एका दुपारी मी आणि अक्का पडवीत ज्वारी निवडत होतो. त्यांचा हात चालत होता, नजर सुपात नव्हती. एकदम म्हणाल्या, "धाकटे, ते खरंच जिवंत असले तर ग?"

मी म्हटलं, "तर येतील की."

"येतील तेव्हा येतील. आत्ता काय करत असतील? कोठीत पाऊल ठेवत नव्हते. आंघोळीला कडी लावत नव्हते. आणि अव्वा म्हणतात, श्वास घेतोय. इतकी वर्षं त्या काळोखात श्वास घेतोय?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "देवापुढे बसून मी रोज काय मागतो सांगू? ते मेलेले असू देत. पहिल्या घटकेलाच मेलेले असू देत. मागतो आणि वर बघतो, तर अव्वा शेजारी बसून नेमकं उलटं मागत असतात."

घरातल्या सगळ्यांना अण्णा जगलेले हवे होते, आणि त्यांच्या बायकोला ते जगले नसतील एवढीच खात्री हवी होती. ती खात्री देणारं त्या घरात कोणी नव्हतं. मला अक्कांची इतकी दया आली की मी उठून त्यांच्यासाठी उगाच पाणी आणलं.

त्या उन्हाळ्यात मागच्या अंगणातलं पेव उघडायचं होतं. आमच्या काळ्या जमिनीत ज्वारी पेवात ठेवायची पद्धत. जमिनीखाली विहिरीसारखा खड्डा, वर तोंड मात्र माणूस कसाबसा उतरेल एवढंच. आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर शिळा आणि शिळेवर माती लिंपलेली. वर्ष वर्ष ज्वारी आत टिकते. पण पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. आतली हवा मारते. एक दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा तळापर्यंत जळत राहिला तर माणसाने उतरायचं. हे आमच्या भागात लेकरालाही ठाऊक असतं.

अळणावरकडचा एक हमाल आमच्याकडे पुष्कळ वर्षं होता. त्याने सकाळी शिळा सरकवली. आतून ऊन, आंबूस वाफ वर आली आणि अंगणभर पसरली. अव्वा मागच्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. हमाल जेवायला वळला, तोच अक्का घरातून आल्या. हातात पेटलेली चिमणी, तिला सुतळी बांधलेली. त्यांनी अव्वांना हाक मारली. "अव्वा, इकडे या. एक दाखवायचं आहे."

अव्वा आल्या. मीही गेले. अक्कांनी चिमणी हळूहळू आत सोडली. ज्योत आधी पिवळी होती, मग बारीक झाली, मग निळी, आणि गेली. धूर नाही, काही नाही. त्यांनी चिमणी वर घेतली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. "डॉक्टर म्हणाले होते ते हे," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "जिथे दिवा जळत नाही तिथे माणूस जगत नाही. अव्वा, त्यांना आता जाऊ द्या."

अव्वा वाकून आत बघत राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "दिव्याला आई नसते ग." आणि लसूण सोलायला परत गेल्या.

अक्कांनी चिमणी माझ्या हातात दिली. पदर खोचला. हमाल उतरतात त्या दोराला धरलं आणि पाय आत सोडले. हमालाने पाहिलं, "बेड अक्का, बेड" असं कानडीत 'नको, नको' ओरडत तो धावला, पण तो पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं जमिनीखाली गेलं होतं.

मी तोंडाशी ओणवी झाले. ती वाफ माझ्या गालांना लागत होती. खाली काही दिसत नव्हतं. मी हाक मारली, "अक्का!"

"आहे," खालून आलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा, सावकाश, "आहे."

मग काही नाही. हमालाने डोक्यावर पाणी ओतून घेतलं, कमरेला दोर बांधला, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. दुकानातली माणसं आणि हे धावत आले. पेव अर्धं भरलेलं होतं म्हणून खोल नव्हतं, तेवढ्याने वाचलो. त्याने अक्कांच्या काखेत फास अडकवला, आम्ही ओढलं, मग त्याला ओढलं. तो अंगणाच्या कडेला जाऊन खोकत बसला. अक्का उन्हात पडल्या. ओठ निळे, गालांना ज्वारीचे दाणे चिकटलेले. त्या श्वास घेत नव्हत्या. मी त्यांना गदागदा हलवत होते, शिव्या देत होते, कानडीत आणि मराठीत. आणि मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, छाती वर उचलली गेली, आणि त्या श्वास घेऊ लागल्या.

अव्वा तोवर शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांनी अक्कांचा चेहरा पदराने पुसला, कुंकवाच्या कडेकडेने, कुंकवाला धक्का न लावता. त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता असा आनंद होता. "बघितलंत?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "दिवा विझला. ही विझली नाही." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गल्लीत साखर वाटली.

अक्का हे सगळं पडल्या पडल्या ऐकत होत्या. आत जाऊन माणूस जगत नाही हे दाखवायला त्या गेल्या होत्या, आणि जिवंत वर आल्या. आता अव्वांना कोणीच काही पटवू शकणार नव्हतं. मला अक्कांकडे बघवेना.

दोन-तीन दिवसांनी त्यांना जरा बरं वाटू लागलं. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "दुखत नाही ग."

"काय दुखत नाही?"

"आत. आधी नाकात झोंबतं, सोडावॉटर प्याल्यासारखं. मग कान भरतात. मग सगळं ऊबदार वाटतं, आणि संपलं. दोन श्वास. भ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांना कळलंही नसेल आपण कुठे आहोत ते. काळोख झालेला कळला नसेल. मी उगाच इतकी वर्षं त्यांना तिथे बसवून ठेवलं होतं." आणि त्या रडायला लागल्या. त्या घरात त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना रडू दिलं.

मन मोकळं झाल्यावर मी विचारलं, "मग मी हाक मारली तेव्हा तुम्ही 'आहे' म्हणालात, ते कसं?"

अक्का उठून बसल्या. "तू हाक मारलीस?" त्या म्हणाल्या. "मला काही ऐकू आलं नाही. मी काही बोललो नाही."

मी हमालाला विचारलं. त्यानेही 'आहे' ऐकलं होतं, दोनदा. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं आणि पुन्हा त्या पेवात तो उतरला नाही. अव्वांना मी काहीच विचारलं नाही. पण एकदा देवाला फुलं वाहताना त्या आपल्याशीच म्हणाल्या, "त्या दिवशी तो बोलला." ऐकून माझ्या हातातली घंटा खाली पडली. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि या वयात कळलं नाही तरी चालेल.

अक्का मात्र बदलल्या. सकाळी बोलवायच्या आधीच अव्वांपुढे बसून कपाळ पुढे करायच्या. तळ्यावर मासे बघून त्यांना आता ओकारी येत नसे. अव्वा हंड्याला कान लावून "ऐक, ऐक" म्हणाल्या की त्याही कान लावायच्या आणि "हो अव्वा, ऐकू येतंय" म्हणायच्या. मला राग यायचा. एकदा मी बोलून दाखवलं, की तुम्हांला खरं माहीत आहे, तर हे नाटक कशाला? त्या म्हणाल्या, "मला झोप लागायला लागली ग. त्यांची कशाला मोडू?"

बारा वर्षं झाली तेव्हा भटजी पळसाच्या पानांचं विचारायला आले. अव्वांनी त्यांना दक्षिणा दिली आणि दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर वर्षभराने त्या आजारी पडल्या. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, घरात एकच दिवा लागायचा, तो त्यांच्या उशाशी. ताप चढला की त्या अक्कांचा हात धरायच्या. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "थोरले, त्याचं पान मांडशील की?"

"मांडतो, अव्वा."

"मीठ नको घालू."

"नाही घालत."

एवढं बोलून त्या गेल्या. सवाष्ण गेल्या, म्हणून आम्ही त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, आणि अक्कांनी त्यांना मेण लावून कुंकू लावलं, त्या रोज लावायच्या तसंच, रुपयाएवढं. पुरुष त्यांना घेऊन गेले. आम्ही बायकांनी घर धुतलं आणि एकेक करून आंघोळीला गेलो. अक्का सगळ्यांत शेवटी गेल्या. न्हाणीघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं आणि खूप वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

पुरुष परत आले तेव्हा त्यांच्या पायांवर पाणी घालायला अक्काच तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. हात मोकळे, गळा मोकळा, कपाळ पांढरं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. अप्पा पायरीवर थबकले. दुपारपासून ते रडले नव्हते. ते अक्कांच्या कपाळाकडे बघत राहिले आणि मग तिथेच ओट्यावर बसले.

"गेला काय ग माझा मुलगा?" त्यांनी विचारलं.

"हो, अप्पा," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या. "तेव्हाच गेले. त्रास नाही झाला."